धारच्या वाटेवरचा तलाव

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, ही त्यांची उदारता. चाळीस वर्षे औषधोपचार करणाऱ्या माणसाने मधुमेहावर, रक्तदाबावर, फार तर निवृत्तीनंतरच्या प्रवासावर लिहावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी मात्र एका तलावाविषयी लिहिणार आहे. त्यानिमित्ताने, पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलेल्या एका प्रमाणपत्राविषयीही लिहावे लागणार आहे. तो भाग लिहिणे फारसे सुखाचे नाही. पण आपल्या व्यवसायबंधूंसमोर तो मांडणे मला आवश्यक वाटते.

धारच्या गडावरील कालिकामाता ही माळव्यातील आणि महाराष्ट्रातील अनेक मराठी घराण्यांप्रमाणे आमचीही कुलस्वामिनी. वर्षातून एकदा देवासहून धारला जाऊन तिची ओटी भरायची, हा आजोबांच्या वेळेपासूनचा परिपाठ आहे. देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार, असा तो रस्ता. इंदूरची वस्ती संपत आली की या धार रस्त्याला लागून सिरपूरचा तलाव आहे. लहानपणी एस.टी.च्या खिडकीतून, पुढे स्कूटरवरून आणि नंतर मोटारीतून मी तो असंख्य वेळा पाहिला आहे. खरे म्हणजे पाहिला नाही. त्याच्या बाजूने गेलो, एवढेच. देवीच्या वेळेची घाई, परतल्यावर दवाखान्याची घाई. थांबावे असे त्या पाण्यात काही असेल, हे कधी मनातच आले नाही.

गेल्या वर्षी पौषात आम्ही निघालो तेव्हा सोबत नात होती. तिला शाळेतून पाणथळ जागांवर प्रकल्प करायला दिला होता. सिरपूरची पाटी दिसताच ती म्हणाली, "आबा, इथे अर्धा तास थांबू या ना! देवी काही रागावणार नाही." देवीच्या वतीने तिने दिलेले हे आश्वासन सौभाग्यवतींनीही मान्य केले आणि आम्ही गाडी उभी केली. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले.

सिरपूरचे पाहुणे

सकाळचे साडेसात वाजले असावेत. पाण्यावर धुके होते आणि धुक्यातून एक अखंड कलकलाट येत होता. रस्त्यावरील ट्रकचे कर्णे पाठीमागे राहिले. बांधावरून चालू लागलो तेव्हा हळूहळू एकेक आकार स्पष्ट होऊ लागला. बांधावर एक वयस्क गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून उभे होते. नातीच्या हातातील वही पाहून त्यांनी आपण होऊन बोलणे काढले. मराठी ऐकताच त्यांची कळी खुलली. "या, या. आधी वारकऱ्यांचे दर्शन घ्या," ते म्हणाले.

पाण्यावर शेकडो काळे पक्षी तरंगत होते. प्रत्येकाच्या कपाळावर पांढराशुभ्र ठसा, जणू टिळा लावून निघालेली दिंडी. मराठीत या पक्ष्याला वारकरी म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते. पुढे त्यांनी दाखवलेल्या एका बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे होते आणि चोचीच्या मुळाशी दोन लालसर ठिपके. "हे हळदी-कुंकू," ते म्हणाले. सौभाग्यवतींना हे नाव इतके आवडले की पुढे धारला ओटी भरतानाही त्यांना त्याची आठवण झाली. आपल्या भाषेने पक्ष्यांना किती घरगुती नावे दिली आहेत! मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' सिद्ध करून ही संपत्ती आपल्या हवाली केली. ते २०२५ साली गेले. माझ्यासारख्या वाचकाने तो ग्रंथ इतक्या उशिरा उघडावा, याची खंत वाटते.

थापट्या बदक आपली रुंद, चपटी चोच पाण्यात घालून सरळ रेषेत पोहत होते. चोचीच्या कडेला बारीक कंगव्यासारखे दाते असतात. पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव तेवढे ते ठेवून घेते. छोटी लालसरी मात्र बुडी मारून तळाशी जाते, तर तलवार बदक शेपटी वर करून मान तळापर्यंत पोहोचवते. एकाच पाण्यात प्रत्येकाचे पान वेगळे मांडलेले, त्यामुळे पंगतीत भांडण नाही. पानवेलींवरून लांबलचक बोटे पसरून चालणारा कमळपक्षी पाहून नात हरखली. या पक्ष्यात अंडी उबवण्याचे आणि पिलांना सांभाळण्याचे काम नर करतो, हे कळल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ येथे सांगत नाही.

हिवाळ्यात माळव्यातील तलावांवर पट्टकादंब हंसही उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. उपकरणे बांधून केलेल्या अभ्यासात त्याचे उड्डाण समुद्रसपाटीपासून ७,००० मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहे. आपल्यासारख्यांना अधिक कुतूहल वाटेल ते त्याच्या रक्ताचे. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये अमिनो आम्लाचा एक सूक्ष्म बदल आहे. त्यामुळे विरळ हवेतही ते प्राणवायू घट्ट धरून ठेवते. ज्या उंचीवर आपल्याला चार पावले टाकताना धाप लागेल तेथे हा पक्षी पंख मारत राहतो. आणि एवढा प्रवास करून तो उतरतो कोठे, तर आपल्याकडच्या अशा एखाद्या उथळ तळ्यावर.

सिरपूरचे क्षेत्र अवघे १६१ हेक्टर. पावसाळ्यात भरला तरी पाण्याची खोली दोन मीटरच्या पुढे फारशी जात नाही. होळकर संस्थानाच्या काळात माणसाने बांधलेला हा तलाव कालांतराने निसर्गाने आपलासा केला. पक्ष्यांच्या सुमारे १३० जातींची येथे नोंद आहे. मासे, बेडूक, साप, कासवे आणि काठावरील वनस्पती यांचा संसार वेगळाच. उथळपणा हा त्याचा दोष नव्हे, गुण आहे. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो म्हणून पाणवनस्पती वाढतात. वनस्पती आहेत म्हणून कीटक आणि मासे आहेत. आणि ते आहेत म्हणून पाहुणे येतात.

एका तलावाची शुश्रूषा

"हे सगळे आपोआप राहिलेले नाही, डॉक्टरसाहेब," ते गृहस्थ म्हणाले. नळाचे पाणी दुरून येऊ लागल्यावर शहर या तलावाला विसरले. काठावरील झाडे तुटू लागली, जमिनीवर अतिक्रमणे झाली, सांडपाणी आत येऊ लागले, चोरून मासेमारी आणि पक्ष्यांची शिकारही चालू झाली. १९९० च्या दशकात छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द नेचर व्हॉलंटियर्स' या संस्थेच्या द्वारे हा तलाव वाचवण्याचे काम हाती घेतले. मोंढे यांना २०१६ साली छायाचित्रकलेसाठी पद्मश्री मिळाली. इंदूरच्या या मराठी कलावंताने कॅमेऱ्याइतकीच निष्ठा एका तळ्यावर ठेवली, याचा आपण माळव्यातील मराठी मंडळींनी अभिमान बाळगावा.

त्यांनी काय केले, हे ऐकताना मला एखाद्या जीर्ण रुग्णाच्या शुश्रूषेची आठवण होत होती. एखादी मोठी शस्त्रक्रिया नाही, चमत्कार नाही. रोज येणे, नोंदी ठेवणे, शिकाऱ्यांना अडवणे, झाडे लावणे, अधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जाणे, निराश न होणे, आणि हे सारे वर्षानुवर्षे. २०२२ साली सिरपूरचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्यावरून हे नाव. त्याच वर्षी इंदूरजवळचे यशवंत सागर हे जलाशयही या यादीत आले. मध्य भारतातील सारसांचा तो एक मोठा आधार आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर या भारतातील पहिल्या दोन शहरांना 'पाणथळ शहर' अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

सिरपूरच्या यादीत छोटी लालसरी आणि नदी सुरय यांच्याबरोबर पांढऱ्या गिधाडाचे नाव आहे. हे तिन्ही पक्षी जगभर कमी होत चालले आहेत. गिधाडाचे नाव ऐकताच मी थोडा गप्प झालो. आपणा सर्वांना ठाऊक आहे की डायक्लोफिनॅक हे औषध आपण किती सहजतेने लिहीत आलो. तेच औषध गुरांना दिले गेले आणि त्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. २००६ साली भारतात पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जातात म्हणून २०१५ साली कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरवर आणावे लागले. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली होती. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडे गेल्यामुळे पसरलेल्या अस्वच्छतेने भारतात पाच वर्षांत सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली असावीत. औषध चांगलेच होते. ते शरीराबाहेर पडल्यावर कोठे जाईल, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.

शास्त्रज्ञ पाणथळ जागांना भूमीची मूत्रपिंडे म्हणतात. येणाऱ्या पाण्याचा वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो, वनस्पती आणि जीवाणू नायट्रोजन व फॉस्फरस काढून घेतात, आणि पाणी मातीतून हळूहळू खाली झिरपते. ही उपमा आपल्याला आणखी पुढे नेता येईल. मूत्रपिंडांचे निम्मे कार्य संपेपर्यंत क्रिएटिनिन फारसे वाढत नाही. रुग्ण हिंडतो-फिरतो आणि आपणही निश्चिंत असतो. गावातील तळ्यांचेही तसेच आहे. एक बुजते, काही होत नाही. दुसरे बुजते, तरीही काही होत नाही. आणि मग एका उन्हाळ्यात अचानक विहिरी आटतात.

येथपर्यंत आलो आणि मला माझे प्रमाणपत्र आठवले.

न तपासलेला रुग्ण

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. देवासमध्ये आमच्या वसाहतीच्या मागे एक लहान तळे होते. त्याला नावही नव्हते; सारे 'मागची तलाई' म्हणत. पावसाळ्यात भरायचे, वैशाखापर्यंत कसेबसे टिकायचे. म्हशी बसत, बगळे येत. त्या वर्षी वसाहतीत हिवतापाचे बरेच रुग्ण झाले. रहिवाशांनी तळे बुजवण्याची मागणी केली आणि अर्जाला बळ यावे म्हणून एका डॉक्टरचे मत हवे होते. मी ते दिले. 'सदर तळे डासांच्या उत्पत्तीचे केंद्र असून सार्वजनिक आरोग्यास धोकादायक आहे', असे एक ठसठशीत वाक्य, खाली सही आणि शिक्का.

विद्यार्थिदशेत पार्क यांच्या पुस्तकातून आपण सारेच 'स्रोत नष्ट करणे' शिकलो होतो: खड्डे बुजवा, पाणी काढून टाका. शिकलेले चुकीचे नव्हते. पण त्याच पुस्तकात डासांच्या जातींचे प्रकरणही होते. ते मी परीक्षेपुरते वाचले होते. शहरातील हिवतापाचा ॲनोफिलिस स्टेफेन्सी हा डास प्रामुख्याने गच्चीवरील टाक्यांत, हौदांत, उघड्या साठवणीच्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचा एडिस इजिप्ती कूलर, कुंड्या, टायर, फुटकी भांडी यांत वाढतो आणि त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. क्युलेक्सला गटारे आणि शौचालयांच्या टाक्या प्रिय. ज्या तळ्यात मासे आहेत, चतुरांची पिले आहेत, बेडूक आहेत, तेथे अळ्यांना खाणारे पुष्कळ असतात. सांडपाणी आणि जलपर्णीने गुदमरलेल्या तळ्याची गोष्ट निराळी. तेथे डास होतातच. म्हणून प्रश्न 'पाणी आहे की नाही' असा नसतो. 'पाणी जिवंत आहे की मृत' असा असतो.

आमची तलाई जिवंत होती की मृत? मला ठाऊक नाही. मी एकदाही तिच्या काठावर गेलो नव्हतो. पळी बुडवून अळ्या मोजल्या नव्हत्या. घराघरांतील टाक्यांची झाकणे उघडून पाहिली नव्हती. रुग्णाची नाडी न पाहता, छातीवर स्टेथोस्कोप न ठेवता निदान लिहिणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणतो? मी तर निदानाच्याही पुढे गेलो होतो. एका परीने मी मृत्यूचा दाखलाच लिहून दिला होता, आणि तोही रुग्ण जिवंत असताना.

तळे बुजवले गेले. काही वर्षे तेथे मोकळी जागा होती, मग भूखंड पडले. डास कमी झाले नाहीत. पुढे डेंग्यू आला तेव्हा माझ्या स्वतःच्या घरच्या कूलरमध्ये अळ्या सापडल्या. वसाहतीच्या कूपनलिका पूर्वी दीडशे फुटांवर पाणी देत. आता पाचशे फुटांवरही भरवसा नाही. एका तळ्यामुळेच हे झाले, असे मी म्हणणार नाही. कूपनलिकांची संख्या वाढली, सगळीकडे काँक्रीट झाले. पण माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे. त्या खडकात पाणी मुरते ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून, अगदी सावकाश. त्यासाठी ते वर कोठेतरी थांबावे लागते. थांबण्याची एक जागा माझ्या सहीने गेली.

बांधावरील त्या गृहस्थांना मी हे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडेही कागद होते, डॉक्टरसाहेब. अशा कागदांविरुद्ध भांडायलाच आमची निम्मी वर्षे गेली." त्यांच्या बोलण्यात कटुता नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले.

साडेबारा तळ्यांचे गाव

धारला पोहोचेपर्यंत दुपार झाली. देवीचे दर्शन झाले. गडकालिकेच्या टेकडीखाली देवी सागर तलाव आहे. आजवर पायऱ्या चढण्याच्या नादात त्याच्याकडे पाठच असे. त्या दिवशी उतरताना पायरीवर बसून पाहिले. टिबुकल्या बुड्या मारत होत्या, एक पाणकावळा पंख पसरून वाळवत होता. नातीने वहीत दोन नावे चढवली.

धारला साडेबारा तळ्यांचे गाव म्हणतात. राजा मुंजाच्या नावाचा मुंज तलाव आजही शहरात आहे. मुंज दहाव्या शतकातला. त्याचा पुतण्या राजा भोज याने धारला राजधानी केली. भोपाळचा मोठा तलावही परंपरेने भोजाचाच मानला जातो, आणि २००२ साली मध्य प्रदेशातून पहिल्यांदा रामसर यादीत गेला तो हाच 'भोज' पाणथळ प्रदेश. बाराही महिने वाहणारी मोठी नदी नसलेल्या या नगरीला एकाखाली एक अशा तळ्यांनी तोलून धरले. पाणी एका तळ्यातून ओसंडले की खालच्या तळ्यात जावे, अशी ही योजना. पुढे पवारांच्या काळातही ती उपयोगी पडली. 'अर्धे' तळे कोणते यावर धारकर मंडळींत गमतीने वाद चालतो. मला मात्र त्या अर्ध्याचे कौतुक वाटले. अर्ध्या तळ्याचाही हिशेब ठेवणारे हे गाव होते. आमच्या तलाईला आम्ही नावसुद्धा दिले नव्हते.

पाण्याला असलेला हा हिशेब देवासला मोठ्या कष्टाने शिकावा लागला. पावलोपावली पाणी असलेला प्रांत अशी ज्या माळव्याची ख्याती, त्यातील या शहराला १९९० च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणावे लागले होते. स्टेशनवर उभ्या राहिलेल्या त्या टाक्या ज्यांनी पाहिल्या, ते त्या विसरलेले नाहीत. पण त्याच देवास जिल्ह्याने पुढे एक वेगळा धडाही दिला. २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांना आवाहन करण्यात आले, की आपल्या जमिनीचा सुमारे दहावा भाग तळ्यासाठी द्या. तळ्याला नाव 'रेवा सागर' आणि ते खोदणाऱ्याला मान 'भगीरथ कृषक' हा. टोंक खुर्दसारख्या भागात शेतकऱ्यांनी स्वखर्चाने, कर्ज काढून हजारो तळी खोदली. पाणी आले, रब्बीची पिके उभी राहिली आणि पाठोपाठ कोणी न बोलावता पक्षीही आले. त्या बाजूचे माझे रुग्ण पूर्वी तपासणीनंतर पाण्याचे रडगाणे गात. आता हिवाळ्यात 'शेतावर बदके आली आहेत' असे कौतुकाने सांगतात. शेतातले तळे बारमाही पक्षितीर्थ होत नाही, हे खरे. पण पाण्याला जागा दिली की जीव ती शोधून काढतो.

एक छोटीशी तपासणी

त्याच वर्षी श्रावणात एका दुसऱ्या वसाहतीतील मंडळी माझ्याकडे आली. हातात अर्ज होता. विषय ओळखीचा: वसाहतीमागील तळे, डास, आणि डॉक्टरांची सही. मी म्हणालो, "सही देतो, पण आधी रुग्ण तपासू. रविवारी सकाळी सात वाजता या."

रविवारी आठ-दहा जण जमले. लांब दांड्याची पांढरी पळी घेऊन आम्ही तळ्याच्या काठाने फिरलो. मोकळ्या पाण्यात अळ्या जवळजवळ नव्हत्या. लहान मासे मात्र पळीत येत होते. जेथे एक गटार येऊन मिळत होते आणि पाणी काळे पडले होते, तेथे अळ्यांची खिचडी होती. मग आम्ही वसाहतीत आलो. पहिल्याच गच्चीवर टाकीचे झाकण अर्धवट उघडे, पाण्यात अळ्या. तिसऱ्या घराच्या अंगणात गेल्या उन्हाळ्यापासून ठेवलेल्या कूलरमध्ये अळ्या. पंक्चरच्या दुकानामागील टायरांत अळ्या. अर्ज घेऊन आलेल्या गृहस्थांच्या गच्चीवरच्या मोडक्या बादलीत तर इतक्या होत्या, की ते स्वतःच हसू लागले.

मी प्रमाणपत्र लिहून दिले. त्यात लिहिले, की तळ्यात येणारे गटार वळवावे, काठ स्वच्छ ठेवावा, जलपर्णी काढावी, स्थानिक मासे टिकवावेत, टाक्यांना झाकणे लावावीत, आणि तळे बुजवण्याची वैद्यकीय गरज दिसत नाही. खाली सही केली. मला वाटते, गेल्या तीस वर्षांत इतकी काळजीपूर्वक सही मी केली नव्हती. त्या तळ्याचे पुढे काय होईल, हे सांगता येत नाही. जमिनीला भाव आहे आणि माझ्या कागदाला तेवढा नाही. गटार अद्याप वळलेले नाही. पण अर्ज सध्या तरी मागे पडला आहे आणि दर रविवारी तीन-चार जण टाक्या पाहत फिरतात.

व्यवसायबंधूंना माझी विनंती मोठी नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात, दवाखान्याच्या आसपास एखादे तरी तळे, डोह, खाण किंवा दलदल असेल. महसुली कागदांवर ती बहुधा 'पडीक' असते. केव्हातरी आपल्या सहीची गरज कोणाला तरी भासेल, कारण समाज आजही डॉक्टरांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. त्या वेळी आधी काठावर जावे. पळी बुडवावी. तेथे कोण राहते ते पाहावे. मग लिहावे.

१९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व देवासला आले ते येथील कोरड्या हवेसाठी. त्या काळी डॉक्टर जागा लिहून देत असत. जागा हेच औषध असे. पुढे प्रतिजैविके आली आणि आपल्या चिठ्ठीवरून जागा नाहीशी झाली. निवृत्तीच्या उंबरठ्यावर मला ते जुने शहाणपण पुन्हा पटू लागले आहे. आता दर पौषात आम्ही धारला जाताना तासभर लवकर निघतो. सिरपूरला उतरतो, आधी वारकऱ्यांचे दर्शन घेतो आणि मग देवीकडे जातो. नातीने सांगितले होते तसेच आहे. देवी रागावत नाही.